स्टार, हॅश आणि भावाची यादी

आपल्या जिल्ह्यातील कापड व्यापारी गेली काही वर्षे नव्या मालाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवितात. मालाचे नाव ठसठशीत दिसावे म्हणून नावाच्या अलीकडे-पलीकडे एकेक स्टार ठेवायचा, हे दुकानातील पोरांनाही पाठ झाले आहे. व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय २०१६ साली दिली. जुना भाव खोडलेला दाखवायचा असेल तर दोन्ही बाजूंना नागमोडी रेघ द्यायची, की काम झाले. म्हणजे संगणकाची कोणतीही भाषा न शिकता आपण साध्या मजकुरात खुणा टाकतो आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या पडद्यावर खुणा नाहीशा होऊन ठळक अक्षर उमटते. याच पद्धतीने अख्खे वेब पान तयार करता येते, ही गोष्ट मात्र आपल्या बाजारात फार थोड्यांना ठाऊक आहे. या पद्धतीचे नाव मार्कडाऊन.

ज्यांना हे नाव नवे वाटते त्यांनीही तिच्या खुणा पाहिलेल्या असतील. हल्ली पुष्कळ मंडळी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून पत्रे, जाहिराती लिहून घेतात आणि आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवितात. त्यात जागोजागी दोन-दोन स्टार आणि ओळीच्या सुरुवातीला हॅश दिसतात. वाचणाऱ्याला वाटते, छपाईत बिघाड झाला. तो बिघाड नव्हे. ती साधने मार्कडाऊनमध्येच लिहितात. खुणांचे पानात रूपांतर करणारा मधला टप्पा राहून गेल्यामुळे त्या खुणा उघड्या पडतात, इतकेच.

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. त्यामुळे मला ही पद्धत समजायला कातिबांचे उदाहरण सर्वांत सोयीचे वाटते. उर्दू वर्तमानपत्रे हाताने लिहिली जात त्या काळात संपादक कातिबाकडे मजकूर देई आणि कोणता भाग सुर्खी म्हणून घ्यायचा, कोणता जली म्हणजे मोठ्या जाड कलमाने लिहायचा आणि कोणता खफी म्हणजे बारीक, ते सांगे. संपादक स्वतः सुंदर अक्षर काढत बसत नसे. तो फक्त सांगत असे, सजावट कातिब करी. मार्कडाऊनमध्ये लिहिणारा संपादकाच्या जागी असतो आणि वेबवरील रूपांतर करणारी सेवा कातिबाच्या. फरक इतकाच, की हा कातिब क्षणात काम करतो आणि सांगितले तेवढेच करतो. समजून घेऊन दुरुस्ती करणे त्याला जमत नाही. हा दुसरा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

ही पद्धत २००४ साली अमेरिकेतील जॉन ग्रुबर यांनी प्रसिद्ध केली. खुणा ठरविण्याच्या कामी त्यांना आरन स्वार्ट्‌झ या तरुणाची मदत झाली. लोक साध्या ई-मेलमध्ये जोर देण्यासाठी जशा खुणा आपोआप वापरू लागले होते, त्याच ग्रुबर यांनी उचलल्या. वेब पानाची मूळ भाषा एचटीएमएल. तिच्यात प्रत्येक परिच्छेदाला उघडणारा आणि बंद करणारा टॅग लिहावा लागतो, आणि असा मजकूर माणसाला वाचवत नाही. मार्कडाऊनचा मजकूर रूपांतर न करताही वाचता येतो, ही तिची खरी खुबी.

मराठीत हलक्या खुणांनी पाने करण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तेथे शीर्षकाला दोन्ही बाजूंनी बरोबरची दुहेरी चिन्हे आणि ठळक शब्दाला तीन-तीन अवतरण खुणा अशी पद्धत आहे. तेथे लिहिणाऱ्या अनेक मराठी मंडळींनी एचटीएमएल न शिकता हजारो पाने उभी केली. तेव्हा हे काम इंग्रजीवाल्यांचेच, असे म्हणण्यात अर्थ नाही.

आता व्यापाऱ्याला याची गरज काय, हा रास्त प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी चार दिवसांत खाली सरकते आणि गिऱ्हाईक पुन्हा फोन करून तोच भाव विचारते. वेब पान एका पत्त्यावर स्थिर राहते. भाव बदलला की पान बदलायचे, पत्ता तोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीचे टप्पे बदलले. पूर्वी नगाला हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ टक्के होता, तो आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के झाला. अशा वेळी अख्खी यादी रातोरात बदलावी लागते. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेली कुटुंबे हंगाम संपवून परततात, लग्नसराई सुरू होते, त्या दिवसांत दुकानात मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा वेबसाइट करून देणाऱ्याच्या मागे कोण लागणार? माझ्या माहितीतील एका होलसेल व्यापाऱ्याने चांगले पैसे मोजून वेबसाइट करून घेतली होती. भाव बदलायचा की दर वेळी फोन करावा लागे, आणि पुढे करून देणारा गाव सोडून गेला. पत्ता त्याच्याच नावावर नोंदलेला असल्याने वेबसाइटही गेली. ज्याच्या हाती मजकूर त्याच्या हाती दुकान, असे मी तेव्हापासून म्हणतो.

रीत अशी. मोबाइलवर किंवा संगणकावर साधा मजकूर लिहायचा. ओळीच्या सुरुवातीला एक हॅश आणि एक जागा सोडून लिहिले की मोठे शीर्षक, दोन हॅश दिले की उपशीर्षक. ठळक शब्दाला दोन्हीकडे दोन-दोन स्टार. यादीच्या प्रत्येक ओळीआधी आडवी रेघ आणि एक जागा. नमुना पाहा :

# शर्टिंगचा माल

नवीन माल मंगळवारपासून मिळेल.

- पॉपलिन, पन्हा ३६ इंच
- केंब्रिक, पन्हा ४४ इंच

हा मजकूर रूपांतर करणाऱ्या वेब सेवेत डावीकडे डकवला की उजवीकडे तयार पान दिसते. ग्रुबर यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर अशी एक चौकट ठेवली आणि तिला ‘डिंगस’ असे गमतीचे नाव दिले. २०१४ साली ‘कॉमनमार्क’ नावाने या पद्धतीचे काटेकोर नियम लिहिले गेले. त्यांचीही अशीच चौकट आहे. नियम लिहावे लागले, कारण दहा वर्षांत प्रत्येक सेवेने आपापली बोली काढली होती. भावाच्या तक्त्याचेच घ्या. उभ्या रेघांनी रकाने पाडून तक्ता करण्याची सोय मूळ पद्धतीत नाही, कॉमनमार्कच्या नियमांतही नाही. गिटहबच्या बोलीत मात्र ती आहे. म्हणून तक्ता हवा असेल तर सेवा निवडताना हे आधी पाहावे.

आता कातिब समजून घेत नाही, त्याचे परिणाम सांगतो. आपल्या धंद्यात ते पदोपदी भेटतात.

पहिला घोळ आकड्यांचा. मराठी आकडा आणि टिंब देऊन आपण १., २., ३. अशी यादी लिहितो. मार्कडाऊन फक्त इंग्रजी आकड्यांना क्रमांक मानते. मराठी आकडे तिच्या लेखी साधी अक्षरे. परिणामी दहा ओळींची यादी एकाच परिच्छेदात गोळा होऊन बसते. ओळ बदलली म्हणून ती ओळ बदलत नाही. मध्ये कोरी ओळ सोडावी लागते किंवा ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा द्याव्या लागतात. त्या जागा डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून नवशिक्याला यात काही जादूटोणा आहे असे वाटते. उपाय सोपा : क्रमांक इंग्रजी आकड्यांत द्यावेत, भाव खुशाल मराठी आकड्यांत लिहावेत.

दुसरा घोळ खास कापडवाल्यांचा. चादरीचे माप आपण ६०*९० असे लिहितो. एका परिच्छेदात एकच माप असेल तर काही बिघडत नाही. पण ६०*९० आणि ९०*१०० अशी दोन मापे आली की पहिल्या स्टारपासून दुसऱ्या स्टारपर्यंतचा सगळा मजकूर तिरपा होतो आणि दोन्ही स्टार गायब. पान पाहणाऱ्याला ६०९० असे माप वाचायला मिळते. सोलापूरची चादर असो की इचलकरंजीची, सहा हजार नव्वद इंचांची चादर अजून कोणी विणलेली नाही. स्टारच्या आधी उलटी तिरपी रेघ दिली तर तो स्टार खूण न राहता साधे चिन्ह होतो. माझा सल्ला त्याहून साधा आहे. मापात सरळ ‘बाय’ हा शब्द लिहावा, ६० बाय ९०. तोंडी आपण तसेच म्हणतो.

व्हॉट्सअ‍ॅपची सवयही इथे नडते. तेथे एक स्टार म्हणजे ठळक, मार्कडाऊनमध्ये एक स्टार म्हणजे तिरपे. देवनागरीला तिरप्या अक्षराची परंपराच नाही. संगणक अक्षर नुसते कलंडवतो आणि ते वाऱ्याने झुकल्यासारखे दिसते. मराठी मजकुरात तिरपे अक्षर वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अक्षरांच्या जातीचा प्रश्न याहून मोठा. आपल्याकडे अनेक छापखान्यांत आणि टायपिंगच्या दुकानांत वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या प्रणालींतील जुन्या फॉन्टमध्ये काम झाले. उर्दूचे काम जुन्या इनपेजमध्ये. हा मजकूर पडद्यावर मराठी किंवा उर्दू दिसतो, पण आत साठवलेला असतो निराळ्याच संकेतांत. तो रूपांतर सेवेत डकवला की इंग्रजी अक्षरांचा नाहीतर चौकटींचा कचरा बाहेर पडतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोड असतो, म्हणून तो बिनदिक्कत वापरावा. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहीत असाल तर जतन करताना ‘यूटीएफ-८’ निवडावे. नाहीतर पुन्हा उघडल्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

उर्दूत पान करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मालेगाव, भिवंडीशी ज्यांचा व्यवहार आहे त्यांना मराठीबरोबर उर्दूतही यादी द्यावीशी वाटते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. मार्कडाऊनमध्ये दिशा सांगण्याची खूणच नाही. मात्र या पद्धतीत मध्येच एचटीएमएल लिहायला बहुतेक सेवा परवानगी देतात. तेव्हा उर्दू मजकुराला ‘डिव’ या टॅगमध्ये घेऊन त्याची ‘डिर’ ही बाब ‘आरटीएल’ ठेवावी. टॅगनंतर एक कोरी ओळ आणि बंद करणाऱ्या टॅगआधी एक कोरी ओळ सोडावी. कॉमनमार्कच्या नियमांनुसार ती सोडली नाही तर आतल्या स्टार-हॅशचे रूपांतर होत नाही. एवढे केले तरी नस्तालीक आपोआप येत नाही. पानात तशा फॉन्टचे नाव द्यावे लागते, आणि तो फॉन्ट पाहणाऱ्याच्या यंत्रात नसेल तर अक्षर नस्खमध्ये उमटते. उर्दू शाळेत तख्तीवर नस्तालीक गिरवलेल्या माणसाला ते कोरडे वाटणारच, पण भाव कळायला अडचण येत नाही.

पान ठेवायचे कोठे? फुकटात म्हणून सर्वजण गिटहब पेजेसचे नाव सांगतात. ही सेवा २००८ पासून आहे, गिटहब २०१८ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. मार्कडाऊनची फाइल तेथे ठेवली की तिचे वेब पान होते, पत्ताही मिळतो. परंतु तिच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की ऑनलाइन धंदा चालविण्यासाठी किंवा मुख्यतः खरेदी-विक्रीचे व्यवहार घडविणाऱ्या संकेतस्थळासाठी ही फुकट जागा नाही. शाळेची माहिती, व्यापारी संघटनेच्या सूचना, गावाचा इतिहास यांसाठी ती उत्तम. भाव आणि ऑर्डर घेणाऱ्या दुकानासाठी नव्हे. फुकटाचा मोह व्यापाऱ्याला सुटत नाही हे मान्य, पण परक्याच्या ओट्यावर दुकान मांडायचे तर त्याची अट आधी वाचावी. दुकानाचे पान स्वतःच्या नावावर नोंदलेल्या पत्त्यावर, भाड्याच्या जागेत ठेवणेच बरे.

चौकटीतून मिळालेले एचटीएमएल तसेच तेथे ठेवले तर एक अडचण येऊ शकते. बऱ्याच चौकटी पानाचे फक्त पोट देतात, डोके देत नाहीत. डोक्यामध्ये अक्षरसंच ‘यूटीएफ-८’ असल्याची ओळ नसेल तर काही ठिकाणी मराठीची वाट लागते. ती ओळ हाताने घालावी.

सर्वांत गंभीर गोष्ट उधारीची. कोणाकडे किती बाकी, कोणाचा मोबाइल नंबर काय, ही वही कोणत्याही वेब सेवेच्या चौकटीत डकवू नये. काही सेवा मजकूर आपल्या यंत्रावर पाठवून तेथे रूपांतर करतात. गिटहबच्या सार्वजनिक जागेत तर फाइल पुसली तरी तिच्या जुन्या प्रती इतिहासात शिल्लक राहतात आणि शोधणाऱ्याला सापडतात. गिऱ्हाइकाची अब्रू ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, ती अशी चव्हाट्यावर जाता कामा नये.

ज्यांना मजकूर बाहेर पाठवायचाच नाही त्यांच्यासाठी पॅनडॉक हा फुकट प्रोग्राम आहे. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी तो २००६ साली काढला. तो आपल्याच संगणकावर चालतो, इंटरनेट लागत नाही. मार्कडाऊनच्या एकाच फाइलपासून वेब पान करतो आणि वर्डचा कागदही, म्हणजे तीच यादी छापून काउंटरवर लावता येते. आज्ञा देताना ‘स्टँडअलोन’ हा पर्याय घातला की डोक्यासकट पूर्ण पान मिळते आणि अक्षरसंचाची ओळ त्यात असते. मूळ फाइल नावात तारीख घालून दर वेळी निराळी जतन करावी. दिवाळीनंतर एखादे गिऱ्हाईक जुन्या भावावर अडून बसले, तर त्या दिवशीची यादी उघडून समोर ठेवता येते.