शाळेसाठी भेटवस्तू बांधूया, पण हिशोब आधी!



सापगावच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ताई हसून म्हणाल्या, "मॅडम, वस्तू त्यांची, पैसे त्यांचे. नुसता कागद गुंडाळायचे आपल्याला कोण देणार?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर देण्यासाठीच हा लेख.

लोक पैसे देतात. राखी, भाऊबीज, लग्नाचा आहेर, वाढदिवस अशा वेळी माणूस घाईत वस्तू घेतो. गर्दीत दुकानदाराला पॅकिंगला वेळ नसतो. अशा दुकानाच्या दाराशी टेबल टाकून तुम्ही वस्तू छान बांधून दिली आणि पाटीवर लिहिलं, "शिल्लक रक्कम गावच्या शाळेच्या पुस्तकांच्या कपाटासाठी", तर लोक आनंदाने थांबतात. अमेरिकेत नाताळच्या दिवसांत पालक आणि स्वयंसेवी मंडळं असाच निधी जमवतात. आपल्याला फार भांडवल लागत नाही, हात आणि विश्वास लागतो. हात आपल्याकडे आहेत. विश्वास मात्र जपावा लागतो.

आधी माझी चूक सांगते

कामाला लागले त्या पहिल्या वर्षी एका गावात मी दिवाळीत असाच स्टॉल लावायला लावला. शेजारी गटाचे पापडही विक्रीला होते. दोन्हींचे पैसे एकाच डब्यात पडत होते. संध्याकाळी मोजायला बसलो तर शाळेचे किती आणि पापडाचे किती, कोणालाच सांगता येईना. डबा सांभाळणाऱ्या ताईंनी गुपचूप पदरचे दोनशे रुपये घातले. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. चोरी कोणीच केली नव्हती. मी वही दिली नव्हती, एवढंच. पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र, नियमित लेखे, मी तुम्हाला शिकवत होते आणि स्वतःच विसरले होते.

म्हणून पहिली तयारी कात्रीची नाही, वहीची.

बैठकीत काय ठरवायचं?

१. पैसे कशासाठी, ते एका वाक्यात ठरवा. "शाळेला मदत" असं मोघम नको. "वाचनाच्या पुस्तकांसाठी कपाट" असं नेमकं लिहा.

२. गटाचा ठराव करा आणि शाळा व्यवस्थापन समितीला कळवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे या समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. सरकारी अनुदान असो की दुसरीकडून आलेला निधी, त्याच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं कामच आहे. म्हणजे आपल्यातल्याच कितीतरी जणी तिथे बसतात. पैसे समितीच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. कोणाच्या हातात रोख देऊ नका.

३. डबा वेगळा, वही वेगळी. ऑनलाइन पैशांसाठी गटाच्या खात्याचाच क्यूआर लावा. एखाद्या ताईच्या किंवा तिच्या घरच्यांच्या मोबाइलचा लावू नका. त्यात तिचंच नाव खराब होतं.

४. कोण किती वेळ देणार ते विचारा. मजुरी बुडवून कोणी येऊ नये. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा. गाडीभाडं निधीतून द्यायचं असेल तर तेही ठरावात लिहा, म्हणजे मागून कुजबुज होत नाही.

कागद किती लागतो?

इथेच सगळा नफा असतो. अंदाजाने कापू नका, मापून कापा.

खोक्याची रुंदी आणि उंची मिळवा, त्याची दुप्पट करा आणि वर एक इंच धरा. ही कागदाची एक बाजू. खोक्याची लांबी आणि उंची मिळवून वर एक इंच धरला की दुसरी बाजू.

उदाहरण घेऊ. खोका १० इंच लांब, ६ इंच रुंद, ३ इंच उंच. पहिली बाजू १९ इंच, दुसरी १४ इंच. २० बाय ३० इंचाच्या एका कागदात असे दोन तुकडे बसतात. डोळ्यांनी मापून कापलं तर एकच निघू शकतो.

आता हिशोब बघा. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारातले भाव घाला.

- अर्धा कागद ५ रुपये, सुतळी ३ रुपये, कागदी टेप आणि रंग २ रुपये. एका खोक्याचा खर्च १० रुपये.
- बांधणावळ २५ रुपये. ६० खोक्यांचे आले १,५०० रुपये.
- सामानाचे ६०० वजा, गाडीभाड्याचे १२० वजा, खराब झालेल्या ६ कागदांचे ६० वजा.
- शाळेसाठी राहिले ७२० रुपये.

डब्यात १,५०० दिसतात, पण शाळेचे ७२०. गावात सांगताना हाच आकडा सांगा. आणि प्रत्येक खोक्याला अख्खा कागद गेला असता तर आणखी ३०० रुपये जाऊन ४२० उरले असते!

कशात बांधायचं?

चकचकीत प्लॅस्टिकचा कागद नको. मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लॅस्टिक फिल्मवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जून महिन्यात पोरांच्या वह्यांना घालतो तो खाकी कागद उत्तम. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की फुलाचा ठसा उमटतो. पांढऱ्या रंगाने वारली चित्रं काढली तर खाकी कागदावर फार उठून दिसतात. एक पथ्य मात्र पाळा. लग्नातला देवचौक, पालघट देवी, गणपती, महापुरुष यांची चित्रं नकोत. हा कागद फाडून टाकला जातो. झाडं, पाखरं, तारपा, नाच पुरे.

दुसरा मार्ग कापडाचा. जपानमध्ये चौकोनी कापडात भेट बांधून देतात, त्याला फुरोशिकी म्हणतात. आपण तरी काय करत आलो? रुमालात बांधूनच नेत होतो की! ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटात पडून असतात. गिऱ्हाइकालाच म्हणा, "ताई, ब्लाउजपीस आणा, त्यात बांधून देते." टेप नको, कचरा नाही, आणि घेणारीला कापडही मिळतं.

स्टॉलवर लक्षात ठेवा

- वस्तू घेताच एकाच नंबरच्या दोन चिठ्ठ्या करा, एक वस्तूवर आणि एक गिऱ्हाइकाकडे. अदलाबदल होत नाही.
- किमतीची चिठ्ठी काढायची का, ते विचारा.
- दागिने आणि रोख पाकिटं बांधायला घेऊ नका.
- मुलांना स्टॉलवर बसवू नका. चित्रं काढायची हौस असेल तर शाळेत काढू द्या.
- एकीने बांधायचं, दुसरीने पैसे घेऊन लगेच लिहायचं. संध्याकाळी तिघींनी मोजून सह्या करायच्या.

सुरुवात कधी करावी?

माझं मत विचाराल तर दिवाळी नको. त्या वेळी आपल्याकडे भातकापणी अंगावर असते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. एकेका घरी चाळीस-पन्नास वाणं लागतात, सगळी एकाच मापाची. ऑर्डर आधी घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि दुपारी ओट्यावर बसून बांधा. स्टॉलही नको, गाडीभाडंही नको. हात बसला की मग लग्नसराईत शहापूर, मुरबाडच्या बाजारात उतरा.

काम संपल्यावर एक कागद ग्रामसंघाच्या बैठकीत आणि शाळेच्या फलकावर लावा. किती आले, किती खर्च झाला, किती भरले, पावती नंबर काय, हे त्यावर लिहा. रक्कम सातशे असली तरी चालेल. पुढच्या वर्षी लोक स्वतःहून वस्तू घेऊन येतील ते या कागदामुळे.

आणि डबा सांभाळणाऱ्या ताईंना घरी जाऊन शांत झोप लागेल. मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुमची क्षेत्रीय समन्वयक