घरचा टेलिफोन सर्व्हर सारखा रीस्टार्ट होतोय? आधी चार्जर तपासा

रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर ‘अ‍ॅस्टरिस्क’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं, की घरचा किंवा छोट्या ऑफिसचा टेलिफोन सर्व्हर तयार होतो. वीज मात्र अनेकदा ड्रॉवरमधल्या जुन्या मोबाइल चार्जरमधून दिली जाते. मग कॉल मध्येच तुटतो, सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतो आणि खापर फुटतं सॉफ्टवेअरवर.

या बोर्डाचा अधिकृत अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा आहे. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं, की बोर्ड ‘अंडर-व्होल्टेज’ची नोंद करतो आणि प्रोसेसरचा वेग घटवतो. स्क्रीन जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेचं चिन्हही दिसतं. पण टेलिफोन सर्व्हरला स्क्रीन कोण जोडतो? त्यामुळे सिस्टीम लॉगच उघडून पाहावा लागतो.

खरा चोर बऱ्याचदा केबल असते. बारीक तारांचा एकूण रोध ०.२ ओहम धरला, तर २ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच जातात. ५ व्होल्टचे उरले ४.६!

फास्ट चार्जरवरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. तो अनेकदा ९ व्होल्टचा असतो, पायला ५ व्होल्टच लागतात. ‘५ व्होल्ट’समोर किती अँपिअर छापलेत, ते पाहा. कॉल रेकॉर्डिंगसाठी यूएसबी हार्ड डिस्क लावली असेल, तर ३ अँपिअरपेक्षा कमी नकोच.

लिहिणं सुरू असताना वीज गेली तर मेमरी कार्ड खराब होऊन एक्स्टेन्शनच्या सेटिंग्ज उडू शकतात. म्हणून छोटा यूपीएस घ्या, आणि राउटरही त्यावरच लावा. राउटर बंद असेल तर सर्व्हर सुरू असूनही फोन लागणार नाही.