गंज उतरवताना

हौसेला मोल नाही म्हणतात. पण महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्या बाईला विचारा, ती पै-पैचं मोल सांगेल! आमच्या भाऊजींनी निवृत्तीनंतर दुसऱ्या महायुद्धातली एक मोडकी जीप घेतली, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी आधी वही काढली. ‘आजारपणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, बाकी काय तो खेळ करा,’ एवढीच त्यांची अट.

पण ही जीप म्हणजे साधासुधा खेळ नव्हे. विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपलं आणि त्यातल्या बऱ्याच इथंच राहिल्या. कुणाच्या शेतावर गेल्या, कुणाच्या अंगणात गंजल्या. १९४७ मध्ये तेव्हाच्या ‘महिंद्र अँड मोहम्मद’ कंपनीनं मुंबईत जीप जुळवायला घेतली, तीही याच घराण्यातली.

ही गाडी खोलताना रोज काहीतरी नवल सापडतं. पेट्रोलची टाकी चक्क चालकाच्या सीटखाली! पुढचे दिवे उलटे फिरवले की उजेड थेट इंजिनावर पडतो, म्हणजे रात्री दुरुस्ती करता यावी. बॅटरी सहा व्होल्टची, त्यामुळे आजचे बल्ब चालत नाहीत. फोर्डनं तर बोल्टवरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ अक्षर कोरलेलं. रंगाचे थर खरवडता खरवडता खालचा लष्करी हिरवा रंग दिसला, तेव्हा भाऊजींनी आख्ख्या गल्लीला बोलावलं होतं.

ज्येष्ठ नागरिकांच्या कामानिमित्त मी घरोघरी जाते. पेपर वाचून झाला की पुढचा दिवस कसा ढकलायचा, या विवंचनेतले कितीतरी पुरुष भेटतात. मग सगळी चिडचिड बायकोवर! भाऊजींच्या हाताला काम मिळालं आणि जाऊबाईंची त्यातून सुटका झाली. त्यांच्या मदतीला येणारे मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. ‘गंजलेला बोल्ट ठोकायचा नाही, तेलात भिजवायचा अन् थांबायचं,’ हा त्यांचा पहिला धडा. असं ज्ञान पुस्तकात नसतं, ते हातात असतं आणि हातांबरोबरच जातं. म्हणून दर रविवारी वस्तीतली, शाळा सुटलेली दोन मुलं तिथं शिकायला येतात, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

जाऊबाई आधी फक्त सुटे भाग डब्यांत भरून चिठ्ठ्या लावायच्या. आता कार्ब्युरेटर खोलून साफ करतात! बायकांनी यात पडू नये असं कुणी म्हणालंच, तर सांगा की पुढे इंग्लंडची राणी झालेल्या एलिझाबेथनं १९४५ मध्ये सैन्याच्या महिला दलात गाडी चालवणं आणि दुरुस्त करणं दोन्ही शिकून घेतलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात हा छंद शिरू पाहत असेल, तर आधी कागदपत्रं तपासा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप जपलेल्या दुचाकी-चारचाकींची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे भाजी आणायला जीप नाही हं!

गाडी घेण्याआधी एकदा अहिल्यानगरचं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय सहकुटुंब बघून या. जुनं लोखंड जपायला किती हात लागतात, ते तिथं कळतं. मग खर्चाची मर्यादा दोघांनी बसून ठरवा आणि एक पान्हा तुमच्याही हातात असू द्या.