वेलाला फुले भरपूर, पण दुधी का धरत नाही?

गच्चीतल्या कुंडीत लावलेला दुधीचा वेल मांडवभर पसरतो, फुलांनी भरतो. पण बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळून जातात. मग अनेकजण खत वाढवतात. खरे तर बहुतेक वेळा अडचण परागीभवनाची असते.

दुधी, लाल भोपळा, दोडका, कारले यांच्या वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. नरफुलातले पराग मादीफुलापर्यंत पोहोचले, तरच फळ धरते. हे काम मधमाश्या आणि पतंग करतात. उंच इमारतीच्या गच्चीवर ते कमी फिरकतात, कीटकनाशकाच्या फवारणीने आणखी कमी होतात. अशा वेळी हे काम हाताने करता येते.

फुले कशी ओळखायची?

मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते. नरफुलाचा देठ सरळ आणि बारीक असतो, मागे फुगीर भाग नसतो. वेलावर सुरुवातीला बहुधा नरफुलेच येतात. त्यामुळे ती गळली तर घाबरण्याचे कारण नाही.

वेळ कोणती?

इथेच बहुतेकांची चूक होते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजते. दोडकाही संध्याकाळी फुलतो. लाल भोपळा, कारले आणि घोसाळे मात्र सकाळी फुलतात. भोपळ्याचे फूल ऊन चढले की मिटते, म्हणून त्याचे काम सकाळी लवकर उरकावे. दुधीसाठी दिवेलागणीची वेळ उत्तम.

काय करायचे?

त्याच दिवशी उमललेले नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात. मधला परागांचा दांडा मादीफुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर हलकेच फिरवावा. कुक्षीच्या सगळ्या भागांना पराग लागायला हवेत. ते अर्धवट लागले तर फळ वेडेवाकडे वाढू शकते. एका नरफुलावर दोन-तीन मादीफुलांचे काम होते. कारल्याची फुले लहान असल्याने तिथे मऊ ब्रश सोयीचा. पावसात पराग भिजून वाया जातात, म्हणून उघडीप पाहूनच हे काम करावे.

नरफूल त्याच जातीच्या भाजीचे हवे. दोडक्याच्या परागाने दुधी धरत नाही.

यश आले हे कसे कळते?

काही दिवसांत फळ हिरवे राहून फुगू लागते. पिवळे पडून सुकले, तर प्रयत्न फसला असे समजून पुढच्या फुलाकडे वळावे. मात्र फळावर टोचल्याची खूण असेल आणि आत अळी निघाली, तर दोष परागीभवनाचा नसून फळमाशीचा असतो. अशी फळे वेलाखाली पडू न देता लगेच नष्ट करावीत.

आणि खताचे काय? नत्र जास्त झाले तर वेल पानांनीच माजतो आणि फळे मागे पडतात. त्यामुळे खताचा डबा उघडण्यापूर्वी संध्याकाळी एकदा फुले पाहून घ्यावीत.