पाणी हवे, ओल नको

बदकाचे अंडे उबायला २८ दिवस लागतात, कोंबडीच्या अंड्यापेक्षा आठवडाभर जास्त. खाकी कॅम्पबेल ही भरपूर अंडी देणारी जात सहसा स्वतः अंड्यांवर बसत नाही. तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात किंवा यंत्रात उबवावी लागतात. कवचाला पहिला टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला दिवस-दीड दिवसही जातो. या वेळी कवच सोलून त्याला मदत करू नये. आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या अजून वाहत्या असतात आणि उरलेला बलक पोटात ओढून घेण्याचे काम चालू असते. त्या बलकावरच पिल्लाचा पहिला दिवस निभावतो, त्यामुळे अंग वाळेपर्यंत त्याला खाऊ घालण्याची घाई नसते.

सुरुवातीला खोका आणि वर टांगलेला बल्ब एवढे पुरते. पहिल्या आठवड्यात बल्बखाली सुमारे ३२ अंश सेल्सिअस ऊब ठेवावी आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी उतरवावी. कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यांत दिवसा बल्बची गरजही पडत नाही. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहणे जास्त उपयोगाचे: ती बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर गारठली आहेत, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असली तर उकडते आहे, खोकाभर विखुरून निजली तर सारे ठीक आहे. खोक्यात वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात आणि ते अधूपण कायमचे राहू शकते. त्याऐवजी खाली गोणपाट किंवा भाताचे तूस असावे.

कोंबड्या पाळलेल्या माणसाची पहिली चूक होते ती पाण्याच्या बाबतीत. कोंबडीचे पिल्लू दाणा टिपते आणि मधूनच पाणी पिते. बदकाचे पिल्लू चोचभर खाद्य घेते, तसेच पाण्याकडे धावते, चोच बुडवून खळबळवते आणि पुन्हा खाद्याकडे येते. त्याच्या पसरट चोचीच्या कडांना बारीक दाते असतात. कोरडे पीठ तिथे आणि घशात चिकटून बसते. म्हणून खाद्य असेल तिथे पाणी असलेच पाहिजे. रात्री पाणी काढून घेतले तर खाद्यही काढावे. नाकपुड्या धुतल्या जातील इतपत पाणी भांड्यात खोल असावे, पण पिल्लाला आत उतरता येऊ नये. त्यासाठी ताटलीत गोटे टाकून ठेवणे हा सोपा आणि खात्रीचा उपाय आहे.

एवढे पाणी लागते, तरी पहिल्या दिवसांत भिजणे पिल्लाच्या जिवावर बेतते. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीचे काम अजून नीट सुरू झालेले नसते आणि आईविना वाढणाऱ्या पिल्लाची लव पाणी शोषते. भिजलेले पिल्लू पाहता पाहता गार पडते. दोन-तीन आठवड्यांनंतर उथळ, कोमट पाण्यात थोडा वेळ सोडून लगेच कोरडे करावे. तळ्याची घाई नको. खोक्यातली ओलही तितकीच घातक असते. सांडलेल्या पाण्याने तूस कुजते, त्यावर बुरशी येते आणि तिचे कण श्वासातून फुप्फुसात जातात. पाण्याचे भांडे जाळी लावलेल्या परातीवर ठेवले तर सांडलेले पाणी खाली साठते आणि तूस कोरडे राहते.

बुरशीचे खरे भय खाद्यात असते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले आणि त्यांच्यासोबत बदकांची पिल्लेही. शोध घेतल्यावर कारण सापडले ते शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीच्या विषात. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले. बदकाच्या पिल्लाचे यकृत या विषाला इतके हळवे असते की धान्यात विष आहे का हे तपासण्यासाठी बरीच वर्षे हीच पिल्ले वापरली गेली. आपल्याकडे पेंड आणि मका दोन्ही खाद्यात पडतात आणि पावसाळ्यात दोन्ही दमट होतात. कुबट वास येणारे खाद्य उन्हात वाळवून वापरू नये, कारण उन्हाने ओल जाते, विष जात नाही. ते फेकूनच द्यावे.

पहिल्या तीन आठवड्यांत खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने हवीत. कोंबडीच्या पिल्लांचे स्टार्टर खाद्य चालते, पण बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागते. ते कमी पडले की पाय वाकतात, चाल लंगडी होते. खाद्यात थोडे ब्रूअर्स यीस्ट मिसळल्याने ही उणीव भरून निघते.

एकच पिल्लू पाळणे निर्दयपणाचे आहे. उबताच जो हलता जीव दिसेल त्यालाच ते आई मानते. प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी रानहंसांच्या पिल्लांवर हा स्वभाव नोंदवला. एकटे पिल्लू माणसामागे फिरते आणि तो नजरेआड होताच अखंड ओरडते. निदान तीन पिल्ले एकत्र असावीत.

सात-आठ आठवड्यांत अंगभर पिसे येतात. त्याच सुमारास मादीचा आवाज ठसठशीत होतो आणि नराचा घोगरा. आता दिवसा बाहेर सोडायला हरकत नाही, पण रात्री घूस आणि मुंगूस शिरणार नाहीत अशा बारीक जाळीच्या खुराड्यात कोंडावे. बदकांच्या प्लेगची लसही याच वयापासून पशुवैद्यकाकडून टोचून घ्यावी. खाकी कॅम्पबेल माद्या साधारण पाच महिन्यांच्या झाल्या की अंडी घालू लागतात. बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत पडतात, म्हणून खुराड्याचे दार त्यानंतरच उघडावे.