जोड लागली पाहिजे!

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराची. दोन्हीकडे कुस्त्यांचा फड असतोच. हलगी घुमू लागली की नवखा माणूस पैलवानांच्या दंडांकडे बघतो. जाणकाराचा डोळा पंचांवर असतो, कारण निम्मी कुस्ती सलामी झडण्याआधीच, जोड लावताना ठरलेली असते.

जोड लावणे म्हणजे तोडीस तोड पैलवानांची गाठ घालून देणे. एखादा गडी लंगोटावर फडात उतरतो, हात वर करून चक्कर मारतो. समोरून कुणी तरी त्याच्या हातावर हात मारतो. पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करतात. उंची, मान, मनगट, पोटरी बघतात. कान तर बघतातच. वर्षानुवर्षे मातीत डोके घासून कान सुजून घट्ट झालेला गडी आणि सरळ कानाचा पोरगा यांचे वजन सारखे भरले तरी ती जोड नव्हे. मग वस्तादांना विचारणा होते: तालीम कोणती, किती वर्षांची, याआधी कुणाशी लढला? दोन्हीकडचे वस्ताद मान हलवतात, इनामाची रक्कम पुकारली जाते, तेव्हा कुस्ती लागते. पंचांची नजर चुकली तर कडेचे लोक गप्प बसत नाहीत. ‘जोड नाही, जोड नाही’ असा गलका झाला की लावलेली कुस्ती मोडावी लागते.

कमीजास्त ताकदीच्या खेळाडूंचा सामना बरोबरीचा कसा करायचा, हा प्रश्न गोल्फवाल्यांनी आकडेमोडीने सोडवला आहे. खेळाडूच्या शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या सर्वोत्तम 8 फेऱ्या धरून त्याचा हँडिकॅप काढतात. 2020 पासून जगभर यासाठी एकच पद्धत लागू झाली. ढोबळमानाने सांगायचे तर 6 हँडिकॅपवाल्यासमोर 18 वाला उभा राहिला की त्याला 12 फटक्यांची सूट मिळते. मातीतल्या कुस्तीत अशी सूट कुठून देणार? पाठ मातीला लागली की लागली. कमजोराची अर्धीच लागली असे धरता येत नाही. म्हणून जी तजवीज करायची ती कुस्तीच्या आधी.

ताकदवानाने स्वतःवरच अट घालून घेण्याची रीतही कुस्तीत होती. 1910 साली लंडनला गेलेल्या गामा पैलवानाने कोणत्याही वजनाच्या तिघांना अर्ध्या तासात पाडून दाखवीन, असे आव्हान दिले होते. त्याच वर्षी पोलंडचा झ्बिस्को त्याच्यासमोर उतरला आणि अडीच तासांहून जास्त वेळ बहुतेक पोटावर पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. पाठ लावू न देणे एवढेच ज्याला साधायचे आहे, त्याला चीत करणे गामालाही जमले नाही.

स्पर्धेच्या कुस्तीने नजरेचे काम काट्यावर सोपवले. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे 57 ते 125 किलोपर्यंत सहा गट आहेत. अशा वजनी गटांचा फायदा लातूर जिल्ह्यातल्याच काका पवारांसारख्या कमी वजनाच्या मल्लांना झाला. ग्रीको-रोमनमध्ये त्यांनी नाव कमावले, अर्जुन पुरस्कार मिळवला. वजनाचे गट नसते तर त्यांच्या चपळाईला धिप्पाड गड्यांपुढे किती वाव मिळाला असता? पण काटा कुणाची गय करत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठलेली विनेश फोगाट 50 किलोच्या गटात अवघे 100 ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली.

काट्यालाही सगळे कळत नाही, हे निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी दाखवून दिले. 1969 साली लातूरलाच झालेल्या कुस्ती अधिवेशनात ते महाराष्ट्र केसरी झाले, 1972 साली रुस्तुम-ए-हिंद. 1977 साली बेळगावात त्यांची गाठ दिल्लीच्या सतपालशी पडली. हाच सतपाल पुढे 1982 च्या आशियाई स्पर्धेत 100 किलो गटात सुवर्णपदक जिंकला. वजनाने हलक्या बिराजदारांनी त्याला हरवले, आणि ती कुस्ती मराठवाड्यात आजही सांगितली जाते.

लबाडी गोल्फ आणि कुस्ती दोन्हीकडे आहे. गोल्फमध्ये मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवणारे असतात. फडात तालमीतला मुरलेला गडी गावचा साधा पोरगा म्हणून उभा केला जातो. आधीच निकाल ठरवून खेळलेली नुरा कुस्ती तर सगळ्यांना ठाऊक आहे. यावर उपाय एकच: ओळखीपाळखीला बळी न पडणारा पंच. तो वजनकाट्यासारखा बाजारातून विकत आणता येत नाही. उमेदीत स्वतः माती अंगाला लावलेला आणि पंचक्रोशीतल्या तालमी पाठ असलेला माणूसच ते काम करू जाणे.

म्हणून यात्रा कमिट्यांना एक सुचवावेसे वाटते. शेवटच्या कुस्तीच्या इनामाची रक्कम फलकावर मोठ्या अक्षरांत जरूर लिहा. पण लहान गटांसाठी फडाच्या कडेला एक काटा ठेवा आणि जोड लावणाऱ्या पंचांचा मान आणि मानधन वाढवा. आणि प्रेक्षकांनीही शेवटच्या कुस्तीपुरते न येता दुपारीच यावे, नारळा-रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून. पंचांची खरी परीक्षा तिथेच असते. चुकीच्या जोडीत पहिल्याच वर्षी आपटलेला पोरगा पुन्हा तालमीकडे फिरकत नाही.