नीळ (गुळी) व रान-नीळ
(सं. नीली, नीलिनी, रंजनी; हिं. नील, गु. गळी, लॅ. इंडिगोफेरा टिंक्टोरिया, कुल–फॅबेसी, जुन्या वर्गीकरणात लेग्युमिनोजी). कापसाच्या कापडास पक्का निळा रंग देणारे रंगद्रव्य ज्या झुडपाच्या पाल्यापासून काढतात, त्यास मराठीत ‘गुळी’ किंवा ‘नीळ’ म्हणतात. तयार रंगाच्या वड्यांनाही तेच नाव आहे. याच वंशातील ⇨रान-नीळ (लॅ. इं. कॅसिऑइड्‌स, जुने नाव इं. पल्चेला, हिं. सकीना, जिरहुल) हे जंगली झुडूप फुलांसाठी प्रसिद्ध आहे. नाव एकच असल्याने या दोहोंची पुष्कळदा गल्लत होते आणि बागेत नीळ लावणाऱ्याची निराशाही त्यातूनच संभवते : जिच्यापासून रंग मिळतो तिची फुले बेताचीच असतात आणि जी फुलांनी बहरते ती रंगासाठी लावीत नाहीत. शिवाय रंग फुलांत नसून पानांत असतो, हे आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे. चंद्रपूर–गडचिरोलीकडील माणसाच्या डोळ्यांपुढे रंगाचे झाड म्हणून प्रथम पळस येतो व पळसाचा रंग फुलांतून निघतो. त्यामुळे निळीचाही तसाच असावा असा समज होणे स्वाभाविक आहे.

इंडिगोफेरा वंशात सु. ७५० जाती असून त्या मुख्यतः उष्ण प्रदेशांत आढळतात. ‘इंडिगो’ हा शब्द ‘भारतातून आलेले’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. महाराष्ट्रात या वंशातील अनेक लहान ओषधी पडीक जमिनीत व शेतांच्या बांधांवर तण म्हणून उगवतात. त्यांपैकी बरबडा (इं. ग्लँड्युलोजा) या जातीचे बी दुष्काळात दळून त्याच्या भाकरी करीत असत. प्रस्तुत नोंदीत मात्र वर दिलेल्या दोन झुडपांचाच विचार केला आहे.

गुळीचे झुडूप १–२ मी. उंच, सरळ वाढणारे व फांद्यांवर बारीक लव असलेले असते. पाने संयुक्त, विषमदली व पिच्छाकृती. दले साधारणतः ९–१३, लंबगोल, वाळल्यावर काळसर निळी पडतात. ताजे पान चुरगळून वाळू दिले असता दिसणारी ही काळसर झाक ओळखीची सोपी खूण आहे. फुले लहान, पतंगरूप, फिकट तांबूस वा गुलाबी. ती पानांच्या बगलेत आखूड मंजऱ्यांवर येतात व मंजरी पानापेक्षा लहान असल्याने पाल्यात झाकून जातात. शेंगा बारीक, २–३·५ सेंमी. लांब, सरळ वा किंचित वाकलेल्या. प्रत्येकीत ८–१२ कठीण बिया असतात.

रान-नीळ १–३ मी. उंच वाढते. तिची दले संख्येने अधिक व मंजऱ्या पुष्कळ लांब असून फुले गडद गुलाबी ते जांभळट असतात. हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या आरंभी, झुडपावर पाला थोडा असताना, ती बहरते. म्हणून लहान असूनही दुरून नजरेत भरते. वणव्यात वरचा भाग जळाला वा गुरांनी खाल्ला, तरी मुळापासून तिला पुन्हा फुटवे येतात. मध्य भारतातील पानझडी वनांतील झाडोऱ्यात ती टिकून राहिली आहे याचे हे एक कारण होय.

चंद्रपूर व गडचिरोली (हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण झाला) या जिल्ह्यांतील वने प्रामुख्याने शुष्क पानझडी असून त्यांत साग, ऐन, मोह, तेंदू व बांबू विपुल आहेत. कडक उन्हाळा, जून ते सप्टेंबर एवढ्या काळात कोसळणारा भरपूर पाऊस आणि पुष्कळ ठिकाणी निचऱ्याची तांबडी, मुरमाड जमीन अशी येथील परिस्थिती दोन्ही झुडपांना मानवते. पश्चिमेकडे वरोरा भागातील काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मात्र निळीसाठी वाफा उंच करावा लागतो. मुळाशी पाणी साचणे तिला मुळीच सोसत नाही.

मध्य भारतात रान-निळीच्या फुलांची भाजी करतात. झारखंडात जिरहुलाची फुले वसंतातील रानभाजी म्हणून बाजारातही येतात. परंतु फुले खाण्याची ही रीत या एका जातीपुरती आहे. इंडिगोफेरा वंशातील काही जातींत इंडोस्पिसीन हे विषारी ॲमिनो अम्ल असते व त्यांवर चरणाऱ्या जनावरांना त्यापासून विषबाधा होते. ऑस्ट्रेलियात घोड्यांना होणारा एक रोग अशाच जातीमुळे उद्‌भवतो. म्हणून झुडपाची नीट ओळख पटल्यावाचून ‘नीळ’ नावाच्या कोणत्याही वनस्पतीची फुले वा पाला खाऊ नये.

जंगलातून रोपे उपटून आणण्याचा मोह टाळणे सर्व दृष्टींनी हिताचे असते. खोल गेलेले सोटमूळ तुटल्यामुळे अशी रोपे सहसा जगत नाहीत. शिवाय ताडोबा राष्ट्रीय उद्यान (स्थापना १९५५) व अभयारण्ये यांतून वनस्पती नेण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. इतरत्र, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गौण वनोपजावर ग्रामसभांचे सामूहिक हक्क मान्य झाले आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे असा हक्क २००९ मध्ये मिळविणारे देशातील अगदी आरंभीचे गाव होय. अशा गावाच्या वनातील बी हवे असल्यास ग्रामसभेला विचारूनच ते गोळा करावे. मूठभर शेंगांचे बी बागेला पुरेसे होते.

लागवड : दोन्ही झुडपांचे बी टणक आवरणाचे असते व तसेच पेरल्यास फार थोडे उगवते. ते जाड वाळूत चोळून किंवा त्यावर कढत पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवतात व फुगलेले बी पेरतात. पहिला पाऊस होऊन जमीन ओलावली की पेरणी करावी. गुळीची रोपे ४५–६० सेंमी. अंतरावर राखतात, रान-निळीला याच्या दुप्पट तरी जागा द्यावी. पूर्ण ऊन आवश्यक असते. सावलीत झुडपे लांबट व विरळ वाढतात. मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करीत असल्यामुळे खताची गरज अल्प असते. आरंभीचे काही आठवडे निंदणी केल्यास पुढे गुळी स्वतःच तण दडपते. गुळीचे झुडूप दोन-तीन वर्षे राखता येते. रान-नीळ बहुवर्षायू असून फुले संपताच हलकी छाटणी केल्यास आटोपशीर राहते.

येथे बागकाम करणाऱ्यास एक निवड करावी लागते. गुळीच्या पाल्यातील रंगाचा अंश फुले उमलू लागण्याच्या सुमारास सर्वाधिक असतो. म्हणजे पेरणीनंतर साधारणतः तीन महिन्यांनी, कळ्या दिसू लागताच, झुडूप जमिनीपासून १५–२० सेंमी. राखून कापावे लागते. फुलांची वाट पाहिली तर पाला निबर होऊन रंग उतरतो आणि रंग काढला तर फुले जातात. सु. दोन महिन्यांनी दुसरी कापणी मिळते, तिच्याही बाबतीत हेच घडते. व्यवहारात कुंपणाच्या कडेला फुलांसाठी रान-नीळ व वाफ्यात कापणीसाठी गुळी लावणे आणि गुळीची दोन-तीन झुडपे बियांसाठी न कापता सोडणे हाच उत्तम मार्ग ठरतो.

रंग काढणे : गुळीच्या पानांत निळा रंग तयार स्वरूपात नसतो. त्यांत इंडिकान हे वर्णहीन ग्लुकोसाइड असते. पाला पाण्यात भिजत ठेवला म्हणजे एंझाइमाच्या क्रियेने त्याचे विघटन होऊन ग्लुकोज व इंडॉक्सिल ही द्रव्ये निर्माण होतात. इंडॉक्सिलाचे हवेतील ऑक्सिजनाने ऑक्सिडीभवन झाले म्हणजे पाण्यात न विरघळणारे निळे इंडिगोटिन बनते. जुन्या कारखान्यांतील एकाखाली एक बांधलेले हौद व घरच्या दोन बादल्या यांतील रसायन एकच आहे.

सकाळी कापलेला ताजा पाला लगेच बादलीत दाबून भरावा, त्यावर दगड ठेवावा व बुडेल इतके पाणी घालावे. उन्हाळी हवेत दहा-बारा तासांत, थंडीत अधिक वेळाने, पाणी पिवळसर हिरवे होते व त्यावर तांबूस चकाकीचा पातळ पापुद्रा धरतो. उग्र वासही सुटतो. हीच वेळ महत्त्वाची होय. पाला याहून अधिक काळ ठेवल्यास तो कुजून रंग नासतो व लवकर काढल्यास रंगद्रव्य पानांतच राहते. पाला पिळून काढून पाण्यात थोडी चुन्याची निवळी मिसळतात व ते एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून वारंवार ओततात किंवा काठीने घुसळतात. प्रथम फेस निळा होतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो विरून पांढरट दिसू लागला म्हणजे घुसळणे थांबवावे. रात्रभरात निळा साका तळाशी बसतो. वरचे पाणी ओतून साका जाड कापडात गाळतात व सावलीत वाळवून वड्या पाडतात. ओल्या पाल्याच्या मानाने रंगाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते; बादलीभर पाल्यातून एक-दोन चमचे नीळ हाती आली तरी समाधान मानावे.

कापड रंगविणे : इंडिगोटिन पाण्यात विरघळत नसल्याने ते तसेच कापडावर बसत नाही. त्याचे क्षारीय पाण्यात क्षपण करून विद्राव्य रूप करावे लागते. यासाठी चुना व गूळ घालून कोमट जागी आंबवण ठेवतात. दक्षिण भारतातील रंगारी त्यात टाकळ्याचे शिजविलेले बी घालीत आले आहेत. विदर्भात तरोटा म्हणून भाजीसाठी खुडतात व पावसाळ्यात उकिरड्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंत सर्वत्र माजते, तीच ही वनस्पती (सेना टोरा). काही दिवसांनी आंबवण पिवळट हिरवे झाले व वर निळा फेस आला की ते तयार समजावे. ओले केलेले सुती कापड त्यात काही मिनिटे हळूच बुडवून बाहेर काढतात. ते हिरवट पिवळे निघते आणि हवा लागताच पाहता पाहता निळे होते. गडद छटेसाठी अधिक दाट आंबवण घेण्यापेक्षा बुडविण्याच्या फेऱ्या वाढविणे चांगले. तुरटीसारख्या रंगबंधकाची गरज नसते.

आरमोरी व नागभीड या भागांत ऐन व अर्जुन यांच्या पाल्यावर वाढणाऱ्या किड्यांपासून टसर (कोसा) रेशीम मिळते. ते निळीत रंगविताना चुना बेताने वापरावा, कारण तीव्र क्षाराने रेशमाचा तंतू दुबळा होतो. कोशाचा मूळचा मधासारखा पिवळसर रंग निळ्याशी मिसळून हिरवट छटा येते, ती दोष मानण्याचे कारण नाही.

व्यापारी पीक म्हणून निळीचा इतिहास सुखद नाही. मोगल काळात अहमदाबादजवळील सरखेज व आग्र्याजवळील बयाना येथील नीळ यूरोपात जात असे. पुढे बंगाल व बिहारमध्ये गोऱ्या मळेवाल्यांनी कुळांवर तिची लागवड लादली. १८५९ मध्ये बंगालच्या शेतकऱ्यांनी उठाव केला व दीनबंधू मित्र यांचे नीलदर्पण हे नाटक १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फोन बेअर यांनी १८८० मध्ये निळीचे संश्लेषण केले आणि १८९७ पासून जर्मनीतील बी.ए.एस.एफ. कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. नैसर्गिक निळीचा भाव त्यामुळे कोसळला. तरी चंपारणमध्ये वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यापैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची तीनकठिया सक्ती चालूच होती. महात्मा गांधींच्या १९१७ मधील सत्याग्रहानंतर १९१८ च्या कायद्याने ती रद्द झाली. सध्या भारतात तमिळनाडू व आंध्र प्रदेशाचा कडप्पा भाग येथे तिची काही लागवड होते.

धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना देतात ती बाजारातील ‘नीळ’ या झुडपाची नव्हे. पुडीतील नीळ हा अल्ट्रामरीन नावाचा खनिजासारखा कृत्रिम रंग असतो आणि त्याने कापड रंगविता येत नाही. तसेच अमेरिकी बागांत ‘खोटी नीळ’ म्हणून लावतात ते बॅप्टिसिया ऑस्ट्रॅलिस हे थंड हिवाळ्याच्या प्रदेशातील फुलझाड निराळ्या वंशातील आहे.

रंग काढून उरलेला चोथा उत्तम खत आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांधीत तो चिखलणीच्या वेळी गाडता येतो. मेंदी लावून धुतलेल्या केसांवर गुळीच्या वाळलेल्या पानांची ताजी कालविलेली पूड लावली असता केस काळे दिसतात. मात्र काहींच्या त्वचेस तिचे वावडे असल्याने प्रथम कोपरावर थोडी लावून एक दिवस पाहावे. आयुर्वेदात मूळ व पाला यांचा वापर सांगितला आहे, तो वैद्याच्या सल्ल्यावाचून करू नये. बियांसाठी राखलेल्या झुडपांच्या शेंगा तपकिरी होताच तडकण्यापूर्वी खुडाव्यात व राखेत घोळवून कोरड्या मडक्यात पुढील पावसाळ्यापर्यंत ठेवाव्यात.